केंदाळ ‘काढले’

लोणंद म्हटले की बाहेरगावच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात : कांद्याचा बाजार आणि ज्ञानेश्वरमाउलींची पालखी. फार तर कुणाला पुणे–मिरज लोहमार्गावरचे स्टेशन आठवेल. मी मात्र या गावात 1997 ते 2019 अशी बावीस वर्षे काढली, ती एका लोखंडी जाळीच्या सोबतीने. लग्नकार्यात कुणी विचारले, “आपण काय काम करता?” की मी ऐटीत सांगे, “फाउंड्रीत देखभाल विभागाचा प्रमुख आहे.” खरे उत्तर असे होते की, नदीतला कचरा कारखान्याच्या नळात शिरू न देणे हे माझे काम. पण ते काही सासुरवाडीत सांगण्याजोगे नव्हते.

आमच्या कारखान्याला पाणी येई ते नीरा नदीचे. नदीकाठी एक खोल, गोल विहीर बांधलेली असते. तिला आम्ही मंडळी ‘जॅकवेल’ म्हणतो. नदीतून एक आडवा नळ या विहिरीत आणून सोडलेला, त्याच्या तोंडाशी जाड गजांची जाळी, विहिरीच्या आत दुसरी बारीक जाळी, आणि वर पंपघर. पंपाने उचललेले पाणी कारखान्याच्या टाकीत पडते आणि तिथून भट्टीपासून कॅन्टीनच्या चहापर्यंत सगळीकडे जाते. लोखंड वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीभोवती तांब्याच्या पोकळ नळीचे वेटोळे असते. त्या नळीतून पाणी सारखे फिरते ठेवावे लागते. भट्टी बंद केली तरी आतले लोखंड काही लगेच गार होत नाही. म्हणजे वीज तोडता येते, पण पाणी तोडता येत नाही. हे पाणी गार करून पुन्हा पुन्हा वापरतात हे खरे. परंतु गार करताना रोज जेवढे वाफ होऊन उडते तेवढे नदीनेच भरून द्यायचे असते. तेव्हा तीनशे माणसांच्या पोटाचा प्रश्न अखेर त्या गजांपाशी येऊन उभा राहतो.

आणि गजांच्या पलीकडे उभी असते जलपर्णी. आमच्याकडे तिला केंदाळ म्हणतात. फुगीर देठांची, तकतकीत हिरव्या पानांची, पाण्यावर तरंगणारी ही वनस्पती आपण सर्वांनी पाहिलेली आहे. पुण्याच्या मुळा-मुठेवर, चिंचवडच्या पवनेवर, आळंदीच्या इंद्रायणीवर, कोल्हापूर-इचलकरंजीकडे पंचगंगेवर तिचा हिरवा गालिचा अंथरलेला असतो. फूल मात्र दिसायला देखणे. फिकट जांभळे, वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा डोळा. त्या फुलावर भाळून आमच्या सौभाग्यवतींनी एकदा नदीवरून एक रोप बादलीत घालून आणले आणि अंगणातल्या सिमेंटच्या हौदात सोडले. महिना-दीड महिन्यात हौदात पाणी दिसेना. मग एका रविवारी तिने ते सगळे उपसून घरामागच्या ओढ्यात टाकले. तो ओढा पुढे कुठे जातो हे त्या वेळी तिनेही विचारले नाही, आणि मी देखभाल विभागाचा प्रमुख असूनही मला सुचले नाही.

हसू नका. जगभर या वनस्पतीचा प्रवास असाच, फुलावर भाळलेल्या माणसांच्या हातून झाला आहे. तिचे माहेर दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बागांची शोभा म्हणून ती अमेरिकेत गेली, बंगालमध्ये आली, आणि पाहता पाहता तिथल्या नद्या, खाड्या, भाताची खाचरे तिने व्यापली. होड्या चालेनात. 1921 साली बंगाल सरकारने यावर उपाय शोधायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते साक्षात जगदीशचंद्र बोस. आणि 1936 साली या एकट्या वनस्पतीविरुद्ध तिथे स्वतंत्र कायदा झाला! अमेरिकेत तर याहून गंमत झाली. 1910 मध्ये लुइझियाना प्रांताचे प्रतिनिधी रॉबर्ट ब्रुसार्ड यांनी तिथल्या काँग्रेसपुढे विधेयक मांडले की, आफ्रिकेतून पाणघोडे आणून या नद्यांत सोडावेत. ते जलपर्णी खातील आणि लोक पाणघोडे खातील. विधेयक संमत झाले नाही. नाही तर आज मिसिसिपीच्या काठच्या जॅकवेलवर जाळीत काय अडकले असते याची कल्पना करवत नाही.

अनुकूल हवापाणी मिळाले तर ही वनस्पती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. आता कार्तिकात नदीत एकच रोप राहिले असे धरा. जेठापर्यंत सात महिने, म्हणजे पंधरा वेळा दुप्पट. वहीच्या मागच्या पानावर हिशेब केलात तर उत्तर 32,768 येते. थंडीत वाढ मंदावते, सगळीच रोपे जगत नाहीत, तेव्हा हा कागदावरचा आकडा; परंतु कागदावरची सावकारीसुद्धा माणसाला घाबरवतेच. शिवाय या पिकाला खत-पाणी आपणच घालतो. गावोगावचे सांडपाणी आणि उसाच्या फडातून वाहून आलेले खत यांतले नत्र-स्फुरद हेच तिचे जेवण.

नीरेवर वीर धरणाच्या खाली कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांत बरगे, म्हणजे फळ्या, टाकून पाणी अडवतात. पावसाळ्याच्या तोंडाशी ते काढतात. मधल्या काळात नदी ही नदी नसते, एकापुढे एक मांडलेली तळी असतात. साचलेले पाणी, भरपूर अन्न आणि ऊन यांपेक्षा केंदाळाला दुसरे काय हवे? आणि बरगे काढले की वरच्या तळ्यातला सगळा संसार एकदम खाली निघतो.

2011 सालच्या जूनमध्ये नेमके हेच झाले. पालखी लोणंदला यायला चार दिवस होते. घरोघर पाहुणे, रस्त्यावर मांडव, गावात नुसती लगबग. रात्री दोन वाजता पंपावरच्या आबांचा फोन आला, “साहेब, पंप हवा घ्यायला लागलाय. लवकर या.” पंपघराच्या दारातच मला तो आवाज ऐकू आला. पंपाच्या पोटात मूठभर खडी टाकून हलवावी तसा आवाज. विजेच्या मीटरचा काटा निम्म्यावर उतरून थरथरत होता. बॅटरीच्या उजेडात नदीकडे पाहिले, तर नदी नव्हतीच. काठापासून काठापर्यंत हिरवे रान हळूहळू आमच्याकडे सरकत होते. एरवी आमच्या नळाचे तोंड पाण्यात चांगले खोल असते, त्यामुळे वर तरंगणारे आत येत नाही. पण जूनमध्ये पाणी तळाला गेलेले. केंदाळाची काळी, पिसासारखी मुळे हातभर खाली लोंबतात. ती गजांत गुंतली, त्यांवर मागची रोपे चढली, आणि जाळीची भिंत झाली. दोघे जण दोर बांधून उतरले, दाताळ्याने ओढू लागले. एक ओढावे तो चार येऊन बसत. कारखान्याच्या टाकीत अकरा तासांचे पाणी होते.

पहाटे चार वाजता आबा म्हणाले, “साहेब, हे ओढून संपायचं नाही. बांबूनं मधल्या धारेला लावू या. बंधाऱ्याच्या मोकळ्या दारातनं आपोआप खाली जाईल.”

मी हो म्हटले. आठ-दहा लांब बांबू आणले, टोकांना आमच्या स्टोअरचा तांबडा रंग होता. बारा माणसे काठावरून आणि टायरच्या ट्यूबवरून ते रान रेटीत राहिली. सकाळी सातला जाळी मोकळी झाली. पंपाचा सूर पुन्हा सरळ लागला तेव्हा मला इतका आनंद झाला की, आबांना मी मिठी मारली. नोंदवहीत लिहिले : ‘जाळीवरील केंदाळ काढले. पंप पूर्ववत.’ खाली सही केली, घरी जाऊन अंघोळ केली आणि पोटभर शिरा खाल्ला.

तिसऱ्या दिवशी दुपारी फाटकावरून निरोप आला की, खालच्या गावची माणसे भेटायला आली आहेत. दोन तरुण होते आणि त्यांच्याबरोबर एक सत्तरीची आजी. एका तरुणाच्या हातात तांबड्या टोकाचा बांबू. त्या गावाच्या नळपाणी योजनेची विहीरही नदीकाठीच, आमच्यापेक्षा पुष्कळ लहान. रेटलेले केंदाळ तिच्या तोंडाशी जाऊन थटले होते. रात्री कुणी जागे नव्हते. मोटार कोरडी फिरत राहिली आणि जळाली. गावात दोन दिवस नळाला पाणी नव्हते, आणि पालखीसाठी आलेल्या लेकी-जावयांनी घरे भरलेली. तरुण रागाने बोलत होते. त्यांचे मला फारसे वाटले नाही. रागाला उत्तर देता येते. आजी मात्र शांतपणे म्हणाल्या, “सायेब, तुमच्या दारातला केर तुमी आमच्या दारात लोटलासा. आता आमी कुणाच्या दारात लोटायचा?”

मी मघाशी सांगितलेला तो शब्द, ‘काढले’, तेव्हा मला आठवला. काढले कुठे होते? पुढे ढकलले होते.

पुढचे दोन दिवस आमची माणसे त्या गावी होती. मीही होतो. मोटार आमच्याकडच्या कारागिराने पुन्हा गुंडाळून दिली, तोवर कारखान्याच्या टँकरने पाणी पोचवले, आणि अकरा ट्रॉल्या केंदाळ बाहेर काढून पुराच्या रेषेच्या वर नेऊन टाकले. ओले केंदाळ म्हणजे शंभरात पंचाण्णव भाग पाणीच. अकरा ट्रॉल्यांचा ढीग वाळल्यावर दोन ट्रॉल्यांचाही उरला नाही. या रोपाचा सगळा दरारा असा पाण्याचाच आहे. परतल्यावर मी नोंदवहीतला तो शब्द खोडून वर ‘पुढे ढकलले’ असे लिहिले आणि पुन्हा सही केली. वरिष्ठांनी विचारले, “आता हे कशाला?” मला नीटसे उत्तर देता आले नाही.

त्यानंतर मात्र मी या विषयाच्या मागे लागलो. जिथे जिथे कारखाने नदीसमुद्राचे पाणी घेतात तिथे तिथे माझ्यासारखा एक माणूस जाळीपाशी बसलेला आहे हे तेव्हा कळले. युगांडात व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल निघते तिथे ओवेन फॉल्सचे वीज केंद्र आहे. 1990 नंतरच्या दशकात याच जलपर्णीने त्याच्या पाण्याच्या जाळ्या तुंबवल्या आणि देशाची वीज जाऊ लागली. अमेरिकेत मिशिगन प्रांतातल्या मन्रो या गावी 1989 च्या डिसेंबरात नळाला पाणी येईना. तिथे वनस्पती नव्हे, तर नखाएवढे पट्टेदार शिंपले नळाच्या आतून थरावर थर चिकटून बसले होते. काळ्या आणि कास्पियन समुद्रांकडचा हा प्राणी जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून अमेरिकेच्या सरोवरांत पोचला, आणि 1988 मध्ये तो प्रथम सापडला. लगेच पुढल्याच वर्षी एक गाव तहानले.

मुंबईकर वाचकांनी हे दूरचे म्हणून सोडून देऊ नये. मेक्सिकोच्या आखाताकडचा, याच जातकुळीतला काळ्या पट्ट्याचा शिंपला 1967 साली विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला आणि पुढे मुंबईच्या गोदीतही त्याने बिऱ्हाड केले. आजही तो आहे. ऑस्ट्रेलियात डार्विनच्या बंदरात 1999 मध्ये हाच शिंपला दिसताच सरकारने ती गोदी दारे लावून बंद केली, क्लोरीन आणि मोरचूद ओतून महिन्याभरात त्याचा निकाल लावला. तो नुकताच आलेला होता म्हणून जमले. आमच्या किनाऱ्यावर तो केव्हाच घरचा झाला आहे. आणि पाहुणेच त्रास देतात असेही नाही. रत्नागिरीकडे ज्याचे कालवण चवीने खातात ते शिणाणे, आपले स्वतःचे. त्यांनी मद्रासजवळ कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्राच्या समुद्राखालच्या बोगद्यात वस्ती करून तिथल्या अभियंत्यांना जेरीस आणले होते.

उलट आशियातल्या नद्यांत निमूटपणे राहणारा एक लहानसा शिंपला अमेरिकेत गेला. 1938 साली तो तिथे कोलंबिया नदीत जिवंत सापडला, आणि 1980 साली आर्कान्सासमधल्या एका अणुवीज केंद्राचे थंड पाण्याचे नळ त्याने चोंदवले, केंद्र बंद ठेवावे लागले. म्हणजे आपल्याकडचा गरीब तिकडे गुंड ठरतो आणि तिकडचे फूल इकडे. ज्याने ज्याला आवरायचे तो मूळ ठिकाणीच राहिला, एवढेच त्याचे कारण.

शिंपल्यांवर क्लोरीनचा उपाय चालतो. पण त्यातही खुबी आहे. एकदम मोठी मात्रा टाकली तर हा लबाड कवच मिटून दिवसचे दिवस स्वस्थ बसतो. म्हणून थोडा क्लोरीन सतत सोडीत राहावे लागते, म्हणजे पिल्लांना बूड टेकायलाच जागा मिळत नाही. मी हे वाचून उत्साहाने आबांना सांगितले, तर ते म्हणाले, “साहेब, केंदाळाला क्लोरीन म्हणजे नुसती अंघोळ.” खरेच होते. तणनाशक मारणे हा एक मार्ग. पण तेच पाणी खालचे गाव पिते, आणि मेलेले केंदाळ तळाशी कुजून पाण्यातला प्राणवायू संपवते, मासे तडफडून वर येतात. तो विचार मी कानाला खडा लावून सोडला.

भुंगेऱ्यांचा मात्र मोह पडला होता. जलपर्णीच्या माहेरी तिला कुरतडणारे, सोंड असलेले पाचेक मिलिमीटरचे भुंगेरे आहेत. ते फक्त तिलाच खातात. 1982–83 च्या सुमारास ते अमेरिकेहून बंगळूरला आणून, पारखून मग तळ्यांत सोडण्यात आले, आणि तिथल्या काही तळ्यांत त्यांनी चांगले काम केले. व्हिक्टोरिया सरोवरातही पुढे त्यांचा मोठा हात लागला. परंतु त्यांना दोन-चार वर्षे एका जागी निवांत संसार करू द्यावा लागतो. आमच्या नीरेला दर आषाढ-श्रावणात पूर. भुंगेऱ्यांचा संसार थाटतो न थाटतो तोच रोपासकट वाहून जाणार. तळ्याचे औषध नदीला लागत नाही, हे मला पुष्कळ पत्रव्यवहारानंतर पटले. आबांना ते आधीच पटलेले होते.

शेवटी जे केले ते अगदी साधे होते. जाळीच्या वरच्या बाजूला, नदीत तिरका, पोकळ पिंपे ओवलेला तारेचा दोर टाकला. सरळ आडवा टाकला तर केंदाळाच्या वजनाने तो तुटतो. तिरका टाकला तर प्रवाहच त्याला कडेकडेने काठाशी आणून सोडतो. तिथे उथळ पायऱ्या केल्या, दोन माणसे आणि दाताळी ठेवली. पहिल्याच पावसाळ्यात पुराने दोर तोडला आणि आमची पिंपे कुठल्या कुठे गेली. तेव्हापासून बरगे निघण्याच्या आधी दोर काढून घ्यायचा हे शिकलो. दुसरी गोष्ट अधिक कामाची. वरचे एक गाव आणि खालचे ते आजींचे गाव यांच्याशी बोलून ठरवले की, बरगे टाकले की लगेच, कार्तिकातच, तिन्ही ठिकाणी नदीतली रोपे वेचायची, दर आठवड्याला. बरगे काढायच्या आधी एकमेकांना कळवायचे. जेठात चाळीस माणसांनी जे होत नाही ते कार्तिकात चार माणसे करतात. हे सांगायला सोपे. पण नदीत नजरेत भरेल असे काही नसताना, चार माणसांचा रोज मंजूर करून घेणे म्हणजे काय, ते ज्याने कचेरीत काम केले आहे त्यालाच कळेल. “दिसत तर काही नाही, मग काढता काय?” हा प्रश्न मी आठ वर्षे ऐकला.

आणि तरीही केंदाळ येतच राहिले, हेही सांगितले पाहिजे. त्याचे बी गाळात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहू शकते, आणि वरून सांडपाणी येते तोवर त्याला उपास पडत नाही. आमच्या कारखान्याच्या सांडपाण्याचे मोजमाप मी त्या निमित्ताने पुन्हा काटेकोर करायला लावले. वसाहतीतल्या संडासांचे पाणी कुठे जाते हे शोधताना जे सापडले, ते इथे दिवाळी अंकात लिहीत नाही. ते नीट करून घ्यायला तीन वर्षे लागली. माझ्या हातात तेवढीच नदी होती.

निवृत्त झाल्यावर आम्ही पुण्याला आलो. गेल्या वर्षी पाडव्याला मुद्दाम लोणंदला जाऊन आलो. आबा आता नाहीत. त्यांच्या जागी त्यांचा पुतण्या पंपावर असतो. बरगे पडून आठ दिवस झाले होते, पाणी आरशासारखे चढले होते. सणाचा दिवस असूनही दोन पोरे दाताळी घेऊन काठावर होती. पलीकडे ओढ्याच्या तोंडाशी एक जांभळे फूल दिसले, तेव्हा सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले नाही. नंतर पुतण्याने नोंदवही दाखवली. खालच्या गावचा मुलगा दर आठवड्याला फोन करून आकडा विचारतो, असे तो म्हणाला. त्या दिवशीच्या रकान्यात त्याने लिहिले होते : ‘रोपे 18, काठावर.’

मी काठावरचा ढीग पाहिला, मोजला. सतराच होती.

“अठरावे कुठे आहे रे?” मी विचारले.

“साहेब,” तो संकोचून म्हणाला, “ते तुमच्या बुटाला चिकटलंय.”